आधी चारा, मग गाय

(अभ्यासपान: मासिक बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी मधे अडवून प्रश्न विचारावेत.)



या वेळी अभ्यासपानात गटाच्या दप्तराबद्दल लिहायचं ठरलं होतं. तो विषय पुढच्या अंकात घेऊ. जुलैमध्ये आपल्या एका गटातल्या ताईंची गाय गेली, आणि ती ज्या कारणानं गेली ते कळल्यापासून माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाहीये. ताईंनी सांगितलं, "लिही, पण माझं नाव घालू नको." म्हणून नाव नाही आणि गावही नाही. माणदेशातलं आहे एवढं पुरे.

गटातून कर्ज काढून घेतलेली गाय. 11 हप्ते फिटलेले, 13 राहिलेले. जूनच्या पहिल्या पावसावर ताईंनी घराशेजारच्या 20 गुंठ्यांत चाऱ्यासाठी ज्वारी पेरली. उगवण चांगली झाली. मग पाऊस गेला तो गेलाच. ज्वारी गुडघ्याएवढी झाली आणि तिथंच थांबली. पानांची सुरळी झाली, शेंडे करपायला लागले. घरातला कडबा मे महिन्यातच संपलेला, आणि विकत घ्यायचा तर शेकड्याचा भाव ऐकूनच घाम फुटायचा. बेंदूर होऊन आठवडा झाला होता. ताईंनी विचार केला, उभ्यानं वाळून जाण्यापेक्षा जनावराच्या पोटात तरी जाईल. संध्याकाळी दोन पेंढ्या कापून आणल्या आणि दिवसभर उपाशी असलेल्या गाईपुढं टाकल्या. गाईनं अधाशासारखं खाल्लं. अर्ध्या तासात ती थरथरायला लागली, तोंडाला फेस आला, धाप लागली आणि ती आडवी झाली. डॉक्टर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा शिंगांवरचं हुरमुंज अजून तसंच होतं.

ताई मला म्हणाल्या, "अवो मॅडम, ज्वारीच घातली हुती. इख कुटनं आलं?"

मला उत्तर देता आलं नाही. मी समाजकार्य शिकलेली, शहरात वाढलेली. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या आजी मात्र बसल्या जागेवरून म्हणाल्या, "किराळ लागली गं. कवळी ज्वारी घालत न्हाईत." आजींना ठाऊक होतं. ताईंचं माहेर बागायती, उसाच्या पट्ट्यातलं. तिथं जनावरांपुढं वाढे आणि मका. सासूबाई लवकर गेल्या, त्यामुळे सांगायला घरात कुणी नव्हतं. एका पिढीला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्या पिढीपर्यंत पोचली नाही आणि त्यात एक गाय गेली.

किराळ म्हणजे काय

नंतर मी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडं जाऊन बसले आणि समजून घेतलं. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचा घटक असतो. पान चावलं, चिरडलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल तयार होतं. हे सायनाइडच्या जातीचं विष. ते रक्तात गेलं की शरीराला प्राणवायू वापरता येत नाही. जनावर श्वास घेत असतं, रक्तात प्राणवायू असतोही, पण आतून ते गुदमरतं. म्हणून अशा जनावराच्या डोळ्यांची आतली कड लालभडक दिसते.

रोप लहान असताना हा घटक जास्त असतो. पीक वाढत जातं तसं त्याचं प्रमाण कमी होतं. पण पाण्याचा ताण पडला की वाढ थांबते आणि विष कमी होत नाही, उलट साठतं. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). ज्वारी दुष्काळात टिकते ती कशामुळे? तिच्या पानांवर मेणासारखा थर असतो, ऊन वाढलं की ती पानं गुंडाळून घेते, मुळं खोल जातात, आणि पाणी नसेल तर ती वाढ थांबवून गप उभी राहते. पाऊस आला की पुन्हा चालू. मक्याला हे असं जमत नाही. ज्या थांबण्यामुळे ज्वारी जगते, त्याच थांबलेल्या अवस्थेत ती जनावराला सगळ्यात धोक्याची असते.

तेव्हा ज्वारी वाईट असं समजू नका. ज्वारी सोडली तर आपल्या भागात दावणीला काहीच उरणार नाही. फक्त एवढं पाळायचं: पीक निसवून निम्म्या ताटांना फुलोरा येईपर्यंत हिरवी ज्वारी जनावराला घालायची नाही. पाऊस लांबल्यावर अर्धवट वाढलेली ज्वारी घालायची नाही. मोठ्या खंडानंतर पाऊस पडला आणि ज्वारी एकदम हिरवीगार दिसायला लागली तर तेव्हाही नाही. उलट ते नवे फुटवे जास्त धोक्याचे. रब्बीची ज्वारी काढल्यावर वळवाच्या पावसानं धसकटाला पोंगे फुटतात. त्यात शेरडं, गाई मोकळ्या सोडायच्या नाहीत. कापून उन्हात पूर्ण वाळवलेल्या ज्वारीत हा धोका बराच कमी होतो, म्हणून कडबा आपण पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त घालत आलो. पण "दुपारभर सुकवली" म्हणजे वाळवली नव्हे.

जनावर उपाशी असेल तर ते भसाभसा खातं आणि विष एकदम अंगात जातं. म्हणून नवा हिरवा चारा कुठलाही असो, आधी थोडा वाळका चारा पोटात जाऊ द्या.

आणि लागलीच किराळ, तर? वेळ मिनिटांत मोजायची असते. सरकारी पशुवैद्यकीय मदतीचा 1962 हा फोन नंबर प्रत्येकीच्या मोबाईलमध्ये हवा. बैठकीतच सगळ्यांनी भरून घ्या. गावाजवळच्या डॉक्टरांचाही. फोनवर "कोवळी ज्वारी खाल्ली आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे ते योग्य इंजेक्शन घेऊन निघतात. उरलेला चारा लगेच पुढ्यातून काढा. आडव्या पडलेल्या, धापा टाकणाऱ्या जनावराच्या तोंडात बाटलीनं काही ओतू नका. ते फुप्फुसात जातं.

माझी एक चूक

हे ताईंचं सांगितलं, आता माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी मी नोकरीला नवीन होते. एका प्रशिक्षणात संकरित नेपिअर पाहिलं. माणसाच्या डोक्याच्या वर गेलेलं हिरवंगार गवत, वर्षात सहा-सात कापण्या. मी भारावून गेले. ठोंबं आणली, 12 घरी वाटली, फोटो काढले, अहवाल लिहिला. पावसाळाभर छान होतं. मार्चमध्ये बघायला गेले तर 10 घरी वाळलेली धसकटं. दोनच ठिकाणी हिरवं होतं. दोन्ही ठिकाणी ठोंबं न्हाणीच्या पाण्यावर लावलेली होती.

नेपिअर चांगलंच आहे. पाणी असेल तर त्याच्यासारखं पीक नाही. पण उन्हाळ्यात त्याला दर आठ-दहा-पंधरा दिवसांनी पाणी लागतं, आणि आमच्या मैत्रिणी तेव्हा टँकरची वाट बघत असतात. सह्याद्री ओलांडून येताना ढगातलं पाणी पलीकडंच सांडून जातं. महाबळेश्वरात धो धो आणि माण, आटपाडी, सांगोल्याकडं वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. हे मला भूगोलात शिकवलं होतं. पण ठोंबं वाटताना आठवलं नाही. त्या 12 जणींपैकी एकीनंही मला बोल लावला नाही, उलट चहा दिला. म्हणून जास्त लाज वाटली.

अझोल्याचंही तसंच. व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलाय. ज्यांच्याकडं बारा महिने पाणी आणि सावली आहे त्यांनी जरूर करावा.

चिंचोक्यांचा हिशोब

कुठलं पीक लावू, हे विचारायच्या आधी एक काम करू. बैठकीत जमिनीवर खडूनं 12 चौकोन काढा, जून ते मे. प्रत्येक चौकोनात चिंचोके ठेवा: त्या महिन्यात आपल्या घरच्या जनावरांना पोटभर चारा असतो तर 5, अजिबात नसतो तर रिकामा. मी हे सहा गटांत केलं. बहुतेक सगळीकडं ऑगस्ट ते डिसेंबर चिंचोके दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडब्यामुळे थोडे. एप्रिल ते जुलै चौकोन उघडे. म्हणजे चाऱ्याचा खरा दुष्काळ दर वर्षीच येतो, पाऊस चांगला झाला तरी. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी फक्त चौकोन जास्त रिकामे होतात.

आता पोटाचा हिशोब. साधारण 400 किलोच्या दुभत्या गाईला दिवसाला 10 ते 12 किलो कोरडा भाग लागतो. कोरडा भाग म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा करून उरतं ते. हिरव्या चाऱ्यात बहुतेक पाणीच असतं. 15 किलो हिरवा चारा डोळ्याला ढीग दिसतो, पण त्यात कोरडा भाग जेमतेम तीन-चार किलो. म्हणून 15 ते 20 किलो हिरवा, 5 ते 6 किलो वाळका आणि दुधाप्रमाणे खुराक असं सांगतात. खिल्लार गाय कमी वजनाची असेल तर थोडं कमी. 25-30 किलोच्या शेळीला दिवसाला साधारण 1 किलो कोरडा भाग पुरतो. म्हणजे एका गाईच्या चाऱ्यात 10 शेळ्या.

घरी गेल्यावर कडब्याची एक पेंडी ताणकाट्यावर मोजा. गावोगावी पेंडी वेगळी असते, म्हणून माझं गणित नको, तुमचं हवं. समजा पेंडी दीड किलोची भरली. दिवसाला 6 किलो म्हणजे 4 पेंड्या. महिन्याला 120. वर्षाला 1,460, म्हणजे साडेचौदा शेकडे. एका गाईला! हा आकडा सांगितला तेव्हा एका बैठकीत पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग एक मावशी म्हणाल्या, "म्हंजे गाय घ्यायच्या आदी गंजी बघाया पायजे." त्यांचंच वाक्य मी या पाठाला मथळा म्हणून वापरलंय.

हिरव्या चाऱ्यासाठी अजून एक सोपी मोजणी आहे. कापणीच्या वेळी रानात एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा आखा, तेवढाच कापून वजन करा. एका गुंठ्यात असे साधारण 100 तुकडे बसतात. तुकड्यात 2 किलो भरलं तर गुंठ्यात 200 किलो. दिवसाला 20 किलो धरलं तर एका गाईला 10 दिवस. आता तुम्हीच ठरवा किती गुंठे लागतील.

कुठल्या रानात काय

पावसाळ्यात हलक्या, मुरमाड रानात बाजरीसारखं दुसरं नाही. कमी पावसात येते, खंड सोसते, आणि मुख्य म्हणजे तिच्यात किराळीचं विष नसतं. ताईंनी ज्वारीऐवजी बाजरी पेरली असती तर पन्नास-पंचावन्न दिवसांत पहिली कापणी मिळाली असती, आणि पाऊस थांबल्यावर आखूड राहिलेली बाजरीसुद्धा तिच्याइतकी घातक ठरली नसती. फक्त युरिया भरमसाठ टाकून वर पाण्याचा ताण पडला तर बाजरीतही नायट्रेट साठून त्रास होऊ शकतो. तेव्हा खत बेतानं. चाऱ्यासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा जायंट बाजरा चांगला, कापल्यावर पुन्हा फुटतो, ओल असेल तर महिना-सव्वा महिन्यानं पुन्हा कापता येतो. बियाणं एकरी 4 किलो पुरतं.

बाजरीच्या दोन ओळी झाल्या की तिसरी ओळ चवळीची टाका. नुसतं गवतवर्गीय पीक म्हणजे नुसती भाकरी. चवळी ही त्यातली डाळ. खुराकाचा खर्च तेवढा खाली येतो, रानालाही बरं. आणि मटकी, हुलगा विसरू नका. ही आपल्या माणदेशाचीच पिकं. धान्य घरात, आणि मळणीनंतरचं भुसकट जनावराला. हुलग्याचं भुसकट आपल्याकडं कितीजणी बांधावर टाकून देतात किंवा जाळतात, ते बघून पोटात तुटतं. कडब्यापेक्षा ते किती तरी पौष्टिक आहे. तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट, भुईमुगाचा पाला यांचंही तेच.

चाऱ्याची ज्वारी पेरायचीच असेल तर ज्या रानात ओल धरून राहते तिथं पेरा, एकरी 16 किलोच्या आसपास बियाणं धरा आणि फुलोऱ्यापर्यंत थांबायची तयारी असेल तरच पेरा. घरात दुसरा चारा शिल्लक नसताना कोवळी ज्वारी समोर उभी असणं हा मोह आहे. ताईंचं तेच झालं.

मका, आफ्रिकन टॉल वगैरे, विहिरीला पाणी असेल तर. पुढं जाऊ.

रब्बीत काळ्या रानाचा मान मालदांडीचा. मालदांडी 35-1 ही जात आपल्या जवळच, सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडली गेली. इतक्या नवीन जाती आल्या तरी लोक तिला सोडत नाहीत, कारण भाकरी गोड आणि कडबाही गोड. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेही याच मातीतल्या गुणामुळे. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरली की पुढं पाऊस नसला तरी जमिनीतल्या ओलीवर ती चार महिन्यांत येते. काळी जमीन खोल असेल तरच हे जमतं. वीतभर मातीवर मालदांडीचा हट्ट नको.

इथं एक भांडण घरात होतं, तेही लिहिते. ज्वारीला मजूर लागतात, भाव मिळत नाही, म्हणून पुरुष मंडळी रान कांद्याला किंवा दुसऱ्या नगदी पिकाला देतात. हिशोबात कांद्याचे पैसे दिसतात. कडब्याचे दिसत नाहीत, कारण कडबा घरातच जिरतो. मग एप्रिलमध्ये तोच कडबा विकत आणताना पैसे कुठून येतात? बहुतेक वेळा गटाच्या कर्जातून. कर्जाचं कारण "शेती" असं लिहिलेलं असतं. मी वह्या बघते, म्हणून सांगते.

बांध, माळ आणि परडं

पेरायला रान नाही असं म्हणणाऱ्या भूमिहीन आणि अल्पभूधारक मैत्रिणींसाठी हा भाग. शेळ्या जास्त करून तुमच्याकडंच आहेत.

बांधावर मारवेल आणि अंजन गवत. ही दोन्ही मूळची आपल्या माळरानावरचीच, बियाण्याच्या दुकानातली नवलाई नव्हे. पाऊस सुरू झाल्यावर मुळासकट ठोंबं काढून दीड-दोन फुटांवर लावायची. पहिल्या वर्षी चरायला द्यायची नाहीत, कापायचीही बेतानं. मुळं धरली की पुढं वर्षानुवर्षं टिकतात. उन्हाळ्यात वाळून गेल्यासारखी दिसतात, पण पहिल्या पावसाला आठवड्यात हिरवी. बांधाची मातीही धरून ठेवतात. माळाच्या हलक्या मातीत स्टायलो टाकता येते. ती शेंगवर्गीय, त्यामुळे माळाच्या गवताला चवळीसारखी जोड. तिचं बी टणक असतं, गरम पाण्यात भिजवून मग टाकायचं.

झाडांमध्ये शेवरी मला सगळ्यात आवडते, कारण वाढायला वेळ लावत नाही आणि शेळ्या तुटून पडतात. हादगा, शेवगा परड्यात. सुबाभूळ उन्हाळ्यात हिरवी राहते, पण तिच्यात मिमोसिन नावाचा घटक असतो, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर केस गळतात, जनावर खंगतं. आणि शेंगा वाळायच्या आत कापत राहा, नाहीतर शेजाऱ्याच्या रानात सुबाभळीचं जंगल होईल आणि भांडण गटात येईल. बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा हे तर शेळीवाल्या बायकांना मी काय सांगायचं? त्यांनीच मला सांगितलंय.

बिनकाट्याच्या निवडुंगाचं नाव काढलं की सगळ्या हसतात. मीही हसले होते. पण त्याच्या पानात 85-90 टक्के पाणी असतं. दिवसा कडक उन्हात तो आपली छिद्रं बंद ठेवतो आणि रात्री उघडतो, म्हणून पाणी उडत नाही. उरुळीकांचनच्या बाएफ संस्थेनं या चाऱ्याच्या निवडुंगावर काम केलंय. लावायचा तर पान तोडून दहा-पंधरा दिवस सावलीत ठेवायचं, जखम सुकली की उभं लावायचं. ओलं लावलं तर कुजतं. जनावराला नुसता घातला तर शेण पातळ होतं, म्हणून तुकडे करून वाळक्या चाऱ्यात मिसळून द्यायचा. हा पोटभरीचा चारा नव्हे, उन्हाळ्यातली पाण्याची आणि हिरवेपणाची सोय आहे.

आणि न्हाणीचं, भांड्यांचं पाणी जिथं जातं तिथं नेपिअरची चार-पाच ठोंबं. माझ्या चुकीतून शिकलेलं तेवढं तरी उपयोगी पडू दे.

कुट्टी, मुरघास

अख्खा कडबा टाकला की जनावर पाला खातं आणि बुडखा तुडवतं. एक दिवस सकाळी दावणीतलं उरलेलं गोळा करून मोजा, म्हणजे कळेल महिन्याला किती पेंड्या शेणात जातात. कुट्टी केली की हे वाचतं. कडबाकुट्टी यंत्र एकीला परवडत नाही, पण गटाला परवडतं. फक्त यंत्रावर बसताना पदर कमरेला घट्ट खोचलेला, वेणी बांधलेली, हातात बांगड्या नकोत, आणि चारा हातानं आत ढकलायचा नाही. लहान मुलं जवळ नकोत. याबाबत मी कुणाचंही "काय होत न्हाई" ऐकून घेणार नाही.

ज्यांच्याकडं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिरवा चारा जास्त होतो त्यांनी पिशवीतला मुरघास करून बघावा. मका दाणे चिकात असताना किंवा ज्वारी फुलोऱ्यानंतर कापायची, कुट्टी करायची, पिशवीत थर थर देऊन तुडवून हवा काढायची, तोंड घट्ट बांधायचं आणि दीड महिना हात लावायचा नाही. हवा राहिली किंवा उंदरानं पिशवी कुरतडली की बुरशी. बुरशी आलेला मुरघास जनावराला घालायचा नाही, कितीही जीव तुटला तरी. पुढच्या महिन्यात एका ग्रामसंघात प्रत्यक्ष करून दाखवणार आहोत, तारीख कळवते.

गटात काय ठरवायचं

2018-19 च्या दुष्काळात आपल्यापैकी कितीजणी छावणीत राहिल्या आहेत. घर गावात, संसार छावणीत. पोरांची शाळा बुडाली, रात्री जनावरांशेजारी उघड्यावर झोपलात. एक काकू म्हणाल्या होत्या, "बहात्तरला माणसाला खायला न्हवतं, ह्या येळी जनावराला न्हवतं." तेव्हा छावणी होती म्हणून जनावरं वाचली, त्याबद्दल वाद नाही. पण ती सुरू होईपर्यंतच्या आठवड्यांत कितीतरी गाई बाजारात मातीमोल गेल्या, आणि घेणाऱ्यालाही माहीत होतं की विकणारी अडलेली आहे.

चारा आणायचा बाईनं, कापायचा बाईनं, घालायचा बाईनं, आणि कुठल्या रानात काय पेरायचं हे मात्र ती ठरवत नाही. सातबारा सासऱ्यांच्या नावावर. म्हणून माझं म्हणणं, सगळं रान मागू नका, पाच गुंठे मागा. "हे पाच गुंठे जनावराचे" असं घरात एकदा ठरवून घ्या आणि पेरणीच्या आधी ठरवा, नंतर जागा उरत नाही. एका गटातल्या चौघींनी मिळून पडीक माळ गवतासाठी खंडानं घेतलाय. वर्ष झालं की त्यांचा अनुभव त्यांनाच इथं लिहायला सांगणार आहे.

गटासाठी एक सूचना आहे, पटली तर ठरावात घ्या. यापुढं गाय किंवा शेळ्यांसाठी कर्जाचा अर्ज आला की पशुसखीनं घरी जाऊन तीन गोष्टी बघाव्यात: गंजीत किती पेंड्या आहेत, उन्हाळ्यात पाणी कुठून येणार, आणि पाच गुंठे ठरलेत का. नसतील तर अर्ज नाकारायचा नाही. आधी बियाण्याला आणि कडब्याला छोटं कर्ज द्यायचं आणि गाईचं कर्ज सुगीनंतर. ताईंच्या वेळी आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं. अर्जावर माझीही सही आहे. गाईचा विमाही नव्हता. त्याबद्दल वेगळं लिहिते.

ताईंच्या गटानं त्यांचे तीन हप्ते पुढं ढकलले आहेत. व्याजाचं काय करायचं यावर गेल्या बैठकीत बरीच वादावादी झाली, अजून मिटलेली नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं आपल्या पेंडीचं वजन आणि जनावरांची संख्या चिठ्ठीवर लिहून आणा. लिहिता येत नसेल तर चिंचोके आणा, मी लिहून घेईन. रब्बीच्या बियाण्याची एकत्र खरेदी पेरणीच्या आधी करायची आहे, नावं ग्रामसंघाच्या सचिव ताईंकडं द्या. पहिलं नाव त्याच ताईंचं आलंय: मालदांडी दोन किलो, शेवरीचं बी पाव किलो.

तुमची क्षेत्र समन्वयक